घुसखोर ठरवायचा कुणी?
मुक्काम परमुलूख : लेखांक 6

बेंगळुरूच्या पूर्वेला, बेळंदूरजवळ करिअम्मन अग्रहार नावाची वस्ती आहे. आजूबाजूला आयटी कंपन्या, उंच टॉवर, आणि त्यांच्या कुंपणालगतच्या खासगी प्लॉटांवर पत्र्याच्या नि ताडपत्रीच्या खोल्या. 12 जानेवारी 2020 रोजी भाजपचे आमदार अरविंद लिंबावळी यांनी या खोल्यांचा व्हिडिओ ट्विटरवर टाकला आणि इथं बेकायदा बांगलादेशी राहत असल्याचा संशय बोलून दाखवला. आठवडाभरात, शनिवारी-रविवारी, जेसीबी येऊन उभा राहिला. खोल्या भुईसपाट झाल्यावर लोकांनी कागद बाहेर काढले. कुणी आसामचा, कुणी त्रिपुराचा, कुणी पश्चिम बंगालचा. काही कुटुंबं तर उत्तर कर्नाटकातली निघाली. बांगलादेशी म्हणून ज्यांचं छप्पर गेलं, त्यांतल्या काहींची मातृभाषा चक्क कन्नड होती.

पाडकाम कुणाच्या हुकमावरून झालं, हे विचारल्यावर मजा सुरू झाली. पोलिसांची नोटीस जागामालकाच्या नावे होती. पोलीस बंदोबस्त मागणारं पत्र महापालिकेच्या एका अभियंत्याचं होतं, आणि त्यानं ते वरिष्ठांना न विचारता लिहिलं, असं पालिका आयुक्तांचं म्हणणं होतं. नागरी हक्कांसाठी काम करणारी ‘पीयूसीएल’ ही संघटना उच्च न्यायालयात गेली. तेव्हा कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती होते अभय ओक, आपल्या ठाण्याचे. त्यांच्या खंडपीठानं पाडकामाला स्थगिती दिली आणि पोलिसांना साधा प्रश्न केला : सगळे रहिवासी बांगलादेशी आहेत, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

याचं धड उत्तर पोलिसांकडे नव्हतं.

बेकायदा बांगलादेशींच्या आकड्यांचा घोळ मागच्या लेखांकात आला आहेच. 2004 मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी संसदेत 1 कोटी 20 लाख बेकायदा बांगलादेशी असल्याचं सांगितलं आणि थोड्याच दिवसांत हात झटकले. 2016 मध्ये किरण रिजिजू यांनी 2 कोटींचा आकडा दिला. पण आकडा संशयास्पद आहे म्हणून माणसं नाहीतच, असं म्हणणंही खोटं. ऑक्टोबर 2019 मध्ये बेंगळुरू पोलिसांनी सुमारे 60 जणांना पकडलं, मग त्यांना रेल्वेनं हावड्याला नेलं आणि सीमेकडे धाडलं. मे 2021 मध्ये राममूर्तीनगरातल्या बलात्काराच्या व्हिडिओनं तर दोन्ही देश हादरले. पीडिता बांगलादेशी आणि आरोपींतले बहुतेकही बांगलादेशीच. कामाच्या आमिषानं बायकांना सीमेपार आणणारी टोळी त्यामागं होती. वर्षभरात 11 जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या सात जणांना जन्मठेप. ती बाई पोलिसांकडे आपणहून कशी जाणार होती? कागद नाही म्हणजे तक्रारही नाही, हे टोळीला पक्कं ठाऊक होतं.

शहराला मात्र ही माणसं हवी आहेत. तुबरहळ्ळी, मुन्नेकोळाल या भागांतल्या बंगालीभाषक वस्त्यांत पहाटे टेम्पो भरून सोसायट्यांचा सुका कचरा उतरतो. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पाण्याच्या बाटल्या दुसरीकडे, पुठ्ठा वेगळा, थर्माकोल वेगळा. बायका उकिडव्या बसून दिवसभर हे ढीग निवडतात आणि त्याच ढिगांच्या आडोशाला चूल मांडतात. कचऱ्याचं वर्गीकरण करणारं शहर म्हणून बेंगळुरूचं कौतुक होतं, त्यात या बायकांचा वाटा मोठा. मोकळ्या प्लॉटचं दर खोलीमागे भाडं जागामालकाला, स्वस्त मजूर कंत्राटदाराला, कचरा उचलल्याचं समाधान सोसायटीला. धाड पडली की यांतल्या कुणालाच कोठडी पाहावी लागत नाही.

कायद्याची मेख अशी की 1946 च्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम 9 नुसार आपण परके नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्यावर संशय त्याच्यावरच असायची. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं जुने चार कायदे मोडीत काढले, पण ही तरतूद तशीच ठेवली. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये आसामच्या एका खटल्यात बजावलं होतं की कुणालाही रस्त्यावरून उचलून ‘कर सिद्ध’ म्हणता येणार नाही, हाताशी आधी काहीतरी आधार हवा. निकाल त्या माणसाच्या बाजूनं लागला, पण तो ऐकायला तो हयात नव्हता.

बरं, सिद्ध करायचं कशानं? ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी ठाण्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कुणी आपोआप नागरिक होत नाही. कायद्यानं हे बरोबरच आहे. नागरिकत्व ठरतं 1955 च्या कायद्यावर, आणि तिथं जन्मतारखेप्रमाणे नियम बदलतात. 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेल्याला जन्म पुरतो. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय हवेत. आणि 3 डिसेंबर 2004 पासून पुढच्यांसाठी एक पालक भारतीय हवाच, शिवाय दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे एकाच खोलीतल्या आजीला एक नियम, मुलाला दुसरा, नातवाला तिसरा. जन्मदाखला आजीकडे नसतो, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा.

जुलै 2022 मध्ये पश्चिम बंगालच्या पूर्व बर्धमान जिल्ह्यातलं एक जोडपं बेंगळुरूत बांगलादेशी म्हणून पकडलं गेलं. कचरा निवडायच्या कामाला आलेले नवरा-बायको आणि दोन वर्षांचं पोर. पोलिसांचं पथक त्यांच्या गावी जाऊन कागद तपासून आलं, तरी सुटका नाही. जामीन मंजूर झाल्यावरही जामीनदार मिळवण्यात जवळपास महिना गेला. 301 दिवस तुरुंगात काढून हे कुटुंब मे 2023 मध्ये सुटलं.

महाराष्ट्रानंही हे पाहिलेलं आहे. जुलै 1998 मध्ये, युतीच्या काळात, मुंबईहून बंगालीभाषकांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसनं सीमेकडे नेत असताना उलुबेरिया स्थानकात जमावानं गाडी अडवून त्यांना सोडवलं. जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं. बंगालनं त्यांची कागदपत्रं पाठवल्यावर सीमा सुरक्षा दलाला बांगलादेशी दलाशी बोलून त्यांना परत आणावं लागलं. ज्याच्या गावाला एक फोन लावून निकाल लागला असता, त्याच्यासाठी दोन देशांची दलं कामाला लागली.

केंद्रीय गृहमंत्रालयानं मे 2025 मध्ये राज्यांना पडताळणीसाठी 30 दिवसांची मुदत घालून दिली. मुदत आली हे चांगलंच झालं. मात्र बेंगळुरूतल्या वर्तूरच्या ठाण्यातल्या फौजदाराला बर्धमानच्या कचेरीतून उत्तर आलं नाही तर काय? तीस दिवस उलटल्यावर उत्तर न आल्याचा तोटा मजुराला, की ते न देणाऱ्या कचेरीला? प्रस्तुत लेखकाच्या मते भिंती, कुंपणं आणि घोषणा यांवर होणाऱ्या वादापेक्षा या एका मुद्द्यावर वाद व्हायला हवा. कारण खरा घुसखोर आणि बर्धमानचा मजूर एकाच टेम्पोतून उतरतात, एकच भाषा बोलतात, आणि दोघांत फरक करणारी यंत्रणा उभी राहिली नाही तर पहिला निसटतो आणि दुसरा अडकतो.

यंत्रणेचं दुसरं टोक आहे नेलमंगलाजवळच्या सोंडेकोप्पा इथं. समाजकल्याण खात्याच्या जुन्या वसतिगृहाला उंच भिंत, काटेरी तार आणि टेहळणीचे मनोरे जोडून तिथं परकीयांसाठी स्थानबद्धता केंद्र झालं. शिक्षा भोगून झाली तरी बांगलादेश जोवर ‘हा आमचाच’ म्हणत नाही, तोवर माणसाला तिकडे रीतसर पाठवता येत नाही. ही ओळख पटवण्याचं काम ढाक्यापर्यंत कसं जातं आणि वाटेत कुठं कुठं अडतं, ते पुढच्या लेखांकात.