बाल्कनीतलं गांडूळखत

गांडुळाला दात नसतात. स्वयंपाकघरातली साली-देठं आधी सूक्ष्मजीव मऊ करतात, मग गांडुळाच्या पेषणीत ती मातीच्या कणांसोबत दळली जातात.

बागेत खणून काढलेलं गांडूळ मात्र खताच्या डब्यात टाकू नये. खोल मातीत राहणाऱ्याला कचरा मानवत नाही. डब्यासाठी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी या वरच्या थरातल्या, कुजकं खाणाऱ्या जाती हव्यात.

सगळी मेख ओलाव्यात आहे. गांडूळ ओल्या त्वचेतूनच श्वास घेतं. म्हणून डबा भोकांचा आणि सावलीत हवा. आतला माल मुठीत दाबला तर जेमतेम एखादा थेंब निघावा. मे महिन्यातलं थेट ऊन गांडुळांचा जीवच घेतं.

लिंबाच्या साली, तेलकट-खारट उरलंसुरलं टाळावं. वर सुकी पानं पसरली की चिलटं कमी होतात.

दोन-तीन महिन्यांत काळं, रवाळ खत हाती येतं. त्यात बारीक, पिवळसर कोष दिसले तर वेचून पुन्हा डब्यात सोडावेत. त्यातूनच पिल्लं निघतात.