पैदास सोपी, खोकड अवघड

संकटातली प्रजाती वाचवायची म्हणजे तिच्या काही जोड्या प्राणिसंग्रहालयात न्यायच्या, पिल्लं वाढवायची आणि संख्या पुरेशी झाली की रानात सोडायची, अशी आपली साधारण समजूत असते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ईस्टर्न बार्ड बँडिकूटचा अनुभव मात्र वेगळंच सांगतो. (बँडिकूट म्हटलं की आपल्याला घूस आठवते. पण घूस उंदराच्या कुळातली, तर हा कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला शिशुधान प्राणी.) जेमतेम पाऊण किलोचा, पार्श्वभागावर फिकट पट्टे असलेला हा प्राणी रात्री माती उकरून किडे-अळ्या खातो. गर्भारपण सुमारे १२ दिवसांचं. मादी तीन-चार महिन्यांत वयात येते आणि वर्षातून अनेकदा विते. पिल्लं होत नव्हती म्हणून तो संपत आला, असं म्हणायला जागाच नाही.

त्याचे गवताळ माळ शेतीखाली आणि मेंढ्यांच्या चराईखाली गेले, आणि एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी आणलेलं युरोपातलं लाल खोकड सगळीकडे पसरलं. १९८०च्या दशकाअखेर मुख्य भूमीवरचे उरलेसुरले बँडिकूट हॅमिल्टन गावाच्या आसपास, मोडक्या गाड्यांच्या आडोशाने जगत होते. त्यातले सुमारे ४० पकडून पैदास सुरू झाली आणि ती उत्तम चाललीही. १९८९नंतरच्या दीड दशकात आठ ठिकाणी प्राणी सोडले गेले, पण बहुतेक ठिकाणी ते टिकले नाहीत. वुडलँड्स इथल्या कुंपणात शेकड्यांत गेलेली संख्या दुष्काळाने आणि आत शिरलेल्या खोकडांनी पार कोसळली. प्राणिसंग्रहालयाने कितीही पिल्लं दिली तरी बाहेर खोकड मोकळं असेल, तर ती पिल्लं म्हणजे त्याला पुरवलेलं खाद्यच. मला तरी या साऱ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा धडा या अपयशांतच दिसतो.

चित्र पालटलं ते जागा बदलल्यावर. २०१५मध्ये चर्चिल या चिमुकल्या बेटावर, २०१७मध्ये अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर खोकडमुक्त ठरलेल्या फिलिप बेटावर आणि २०१९मध्ये खोकड कधीच न पोचलेल्या फ्रेंच बेटावर बँडिकूट सोडले गेले. लोकसहभाग म्हणजे फोटोपुरती शोभा, हा समज इथे टिकत नाही. फिलिप आणि फ्रेंच बेटांवर माणसं राहतात. मांजर मोकाट सुटू न देणं, रात्री गाडी सावकाश चालवणं, आपल्या अंगणात उकरलेले खड्डे खपवून घेणं ही कामं कुठलाही शास्त्रज्ञ रहिवाशांच्या वतीने करू शकत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ही बेटं बँडिकूटचं मूळ घर नव्हेत; नवा प्राणी आणून तिथल्या जीवांना धोका कशाला? टास्मानियाजवळच्या मारिया बेटावर २०१२पासून टास्मानियन डेव्हिल सोडले गेले आणि तिथल्या सुमारे ३,००० लिटल पेंग्विन जोड्यांची वसाहत नाहीशी झाली. ही हानी खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालू नये. पण डेव्हिल मांसाहारी शिकारी आहे, तर बँडिकूटचा भर मातीतल्या किड्यांवर. शिवाय तो आधी छोट्या चर्चिल बेटावर आजमावला गेला आणि मगच पेंग्विनांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिलिप बेटावर नेला गेला. बेट चांगलं की वाईट, हे कोणता प्राणी आणि किती सावधपणे, यावरच ठरतं.

मोजक्या पूर्वजांमुळे वंश खंगतोच, हा समजही अर्धाच खरा. व्हिक्टोरियातल्या बँडिकूटमध्ये जनुकीय विविधता घटली होती खरी. म्हणून माउंट रॉथवेल इथे टास्मानियातल्या त्यांच्याच भाऊबंदांशी संकर करून नवं रक्त आणलं गेलं. अशाने मूळ वाण बिघडतो, असं म्हणणाऱ्यांनी शुद्ध पण मृतप्राय वाणाचा उपयोग काय, तेही सांगावं.

२०२१मध्ये व्हिक्टोरिया सरकारने या बँडिकूटला ‘निसर्गातून नामशेष’ या वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ ठरवलं. ऑस्ट्रेलियात असं प्रथमच घडलं. पण ‘संकटग्रस्त’ म्हणजे सुरक्षित नव्हे. दीडेक हजार प्राणी होते, तेही बेटांवर किंवा कुंपणाआड. कुंपणाबाहेर जगता यावं म्हणून आता मेंढ्या राखणाऱ्या मारेम्मा कुत्र्यांना बँडिकूटची राखण शिकवून पाहिली जात आहे, आणि हा प्रयोग पशुपालकांच्या कुरणांवर, त्यांच्या संमतीनेच चालू शकतो.