सक्युलंट विकायचंय? आधी कुळ ओळखा, मग माल उचला



मागच्या वर्षी ऐन श्रावणात आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. आवाज रडवेला. "सर, शंभर रोपं आणली होती. चाळीस सडली. जावेला काय सांगू? तिच्याकडून पैसे घेतलेत. हा धंदा आपला नाही, बंद करते."

मी म्हटलं, ताई, धंदा नंतर बंद करा, आधी व्हिडिओ कॉल करा. गॅलरी दाखवा.

गॅलरीत एकच लोखंडी मांडणी होती. त्यावर सगळा माल रांगेत लावलेला. गुलाबासारखी एचेव्हेरिया, पांढऱ्या पट्ट्यांची हॉवर्थिया, दगडासारखं लिथॉप्स, काटेरी कॅक्टस, ॲडेनियम, सगळे शेजारी शेजारी. आणि सगळ्यांना रोज सकाळी तुळशीबरोबर एकाच झारीने पाणी. वरून पावसाची झड.

"पण सर, नर्सरीवाले म्हणाले, सगळी सक्युलंटच आहेत!"

मित्रांनो, इथंच घोटाळा आहे. आजचा लेख नीट वाचा, कारण या एका गैरसमजापायी लोकांचं भांडवल कुजतं.

'सक्युलंट' हे कुळ नाही, ती सवय आहे

पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवणारी मांसल वनस्पती म्हणजे सक्युलंट. बस, एवढाच त्याचा अर्थ. आंबा आणि काजू एका कुळातले, तसं सक्युलंटचं नाही. कोरड्या प्रदेशात राहायची वेळ आली तेव्हा वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पतींनी आपापल्या परीने पाणी साठवायची युक्ती काढली. म्हणून दिसायला सारखी, पण स्वभाव वेगळा. कुणी उन्हाळ्यात वाढतं, कुणी उन्हाळ्यात झोपतं. कुणाला कडक ऊन हवं, कुणी सावलीत खूश.

एक गोष्ट मात्र यातल्या बऱ्याच जणांत सारखी आहे. ही झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री रंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. सकाळी उजेड आला की तो साठा वापरून अन्न बनवतात. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या पानफुटीचं पान चाखून पाहिलं होतं. सकाळी आंबट, दुपारी बेचव! त्याचं हे निरीक्षण १८१५ साली छापून आलं.

धंद्यासाठी यातून घ्यायचं काय? ज्या झाडाने पाणी वाचवायला एवढी व्यवस्था केलीय, त्याला रोज झारी दाखवायची नाही.

फूल बघा, कुळ कळेल

पान फसवतं, फूल सहसा फसवत नाही. वर्गीकरण करणारे शास्त्रज्ञही फुलाच्या रचनेकडे आधी बघायचे. आता जनुकंही तपासतात. आपण निदान फूल बघू या. बाजारात मिळणारा बहुतेक माल खालच्या सात कुळांत बसतो.

१. क्रॅसुलेसी, म्हणजे पानफुटीचं कुळ. यात जेड, एचेव्हेरिया, सेडम, कलांचो येतात. साधारण चौदाशे जाती. फुलं लहान, चांदणीसारखी किंवा नळीसारखी, झुपक्यात. कलांचोच्या फुलाला चार पाकळ्या, जेड आणि एचेव्हेरियाला बहुधा पाच. एवढं मोजलं तरी अर्धं काम झालं. एचेव्हेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोची. तिला भरपूर उजेड हवा. कमी पडला की गुलाबाचा आकार मोडून लांबुडकी होते. आपल्या पावसाळ्यात छपराखालीच ठेवा.

२. ॲस्फोडेलेसी, म्हणजे कोरफडीचं कुळ. हॉवर्थिया, गॅस्टेरिया यातल्या. फुलाचे भाग तीनच्या पटीत, सहा पाकळ्यांसारखे. हॉवर्थियाचं फूल बारीक, पांढरट, लांब काडीवर येतं. दक्षिण आफ्रिकेत ही झाडं झुडपांच्या सावलीत वाढतात, म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर तग धरतात. कडक ऊन दिलं तर पानं लालसर-तपकिरी होतात. ऑफिसच्या भेटवस्तूसाठी हे कुळ सगळ्यात खात्रीचं.

३. ऐझोएसी. लिथॉप्स, म्हणजे 'जिवंत दगड', यातलं. १८११ साली विल्यम बर्चेल या प्रवाशाने दक्षिण आफ्रिकेत दगड समजून हेच उचललं होतं. दोन जाड पानं, मधल्या फटीतून शेवंतीसारखं दिसणारं पिवळं किंवा पांढरं फूल. जुनी पानं सुकत असताना नवी जोडी त्यांच्यातलंच पाणी पिते. त्या काळात वरून पाणी दिलं की संपलं. ताईंची लिथॉप्स अशीच गेली.

४. कॅक्टेसी. सगळे कॅक्टस सक्युलंट म्हणायला हरकत नाही, पण सगळे सक्युलंट कॅक्टस नाहीत. ओळख सोपी: काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून निघतात. फूलही त्याच गादीतून येतं, पुष्कळ पाकळ्यांचं. हे कुळ मूळचं अमेरिका खंडाचं. लाल-पिवळ्या गोळ्याचा 'मून कॅक्टस' म्हणजे कलम असतं. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, तो खालच्या हिरव्या खोडाच्या जिवावर जगतो. ग्राहकाला हे आधीच सांगा, कारण त्याचं आयुष्य मर्यादित असतं.

५. युफोर्बिएसी. काटे असतात, पण गादी नसते, आणि खरचटलं की पांढरा चीक येतो. आपला शेर याच कुळातला. नर्सरीत काटेरी खोडाचं, लाल-गुलाबी फुलांचं 'युफोर्बिया' मिळतं, ते मूळचं मादागास्करचं. त्याच्या रंगीत 'पाकळ्या' खरं तर सहपत्रं आहेत, बोगनवेलीसारखी. खरं फूल मधे इवलंसं. चीक डोळ्यात गेला तर मोठा त्रास होतो, म्हणून छाटताना हातमोजे घाला.

६. अपोसायनेसी, म्हणजे कण्हेर-चाफ्याचं कुळ. ॲडेनियम यातलं. फुगीर बुंधा, पाच पाकळ्यांचं कर्ण्यासारखं फूल. कण्हेरीचं फूल शेजारी धरा, नातं लगेच दिसेल. आपल्या उन्हाळ्यात जोमात, थंडीत पानं गाळून गप्प. त्या वेळी 'मेलं' म्हणून फेकू नका आणि पाणीही ओतू नका. याचा रस विषारी असतो.

७. पोर्टुलाकेसी, म्हणजे घोळाच्या भाजीचं कुळ. चिनी गुलाब किंवा 'ऑफिस टाइम' यातलं. ऊन चढलं की फुलतं, म्हणून तर ते नाव! नव्या माणसाने इथून सुरुवात करावी. काडी खोचली की लागते, भांडवल जवळजवळ नाही.

आता हिशोब करू

ताईंचाच हिशोब सोप्या आकड्यांत मांडतो. रोप ४० रुपयांना, कुंडी-माती-लेबल मिळून १५ रुपये. एका नगाला ५५. शंभर नगांचे ५,५०० रुपये. विक्री ९० रुपयांना.

शंभरच्या शंभर विकली तर ९,००० आले, नफा ३,५००.
पंधरा मेली, ८५ विकली तर ७,६५० आले, नफा २,१५०.
चाळीस मेली, ६० विकली तर ५,४०० आले. म्हणजे खिशातून १०० रुपये गेले, आणि मेहनत फुकट.

बघा, ताईंनी भाव चुकीचा लावला नव्हता. ग्राहकही होते. नफा खाल्ला तो मरतुकीने. म्हणून मी म्हणतो, सक्युलंटच्या धंद्यात मार्केटिंगच्या आधी कुळ शिका.

दुसरा हिशोब वाढवण्याचा. सेडम आणि एचेव्हेरियाच्या बऱ्याच प्रकारांची पानं अलगद काढून, दोन-तीन दिवस सावलीत जखम सुकू देऊन, कोरड्या मिश्रणावर ठेवली की नवी रोपं येतात. कलांचो आणि जेड फांदीपासून. हॉवर्थिया बाजूच्या पिलांपासून. ॲडेनियमचा फुगीर बुंधा हवा असेल तर बीपासून. लिथॉप्सही बीपासूनच, आणि त्याला वेळ लागतो. म्हणजे कुठला माल घरी तयार करायचा आणि कुठला विकत आणायचा, हेसुद्धा कुळच ठरवतं.

फुलाचा हंगाम पकडा

कलांचोचं उदाहरण घ्या. रॉबर्ट ब्लॉसफेल्ड नावाच्या जर्मन नर्सरीवाल्याने १९३० च्या दशकात मादागास्करचं हे झाड युरोपच्या बाजारात आणलं, आणि त्याच्या नावावरूनच जातीचं नाव पडलं. हे झाड रात्र मोठी झाली की कळ्या धरतं. म्हणून आपल्याकडे ते थंडीत फुलतं. फुललेली कुंडी बिनफुलाच्या कुंडीपेक्षा लवकर उचलली जाते, हे सांगायला नकोच.

पण गॅलरीत रात्रभर दिवा जळत असेल तर झाडाला रात्र कळतच नाही, आणि कळ्या लांबतात. मोठे उत्पादक रोज साधारण १४ तास काळ्या कापडाखाली अंधार देऊन, असं सुमारे सहा आठवडे करून, हव्या त्या वेळी फुलं आणतात. तुम्ही पहिल्या वर्षी एवढं करू नका. रात्रीचा दिवा बंद ठेवा आणि संक्रांतीनंतरच्या विक्रीची तयारी करा.

ग्राहक विचारतात, "फूल आलं की झाड मरतं का?" उत्तर कुळावर आणि प्रजातीवर आहे. एचेव्हेरियाचा दांडा पानांच्या बगलेतून येतो, झाड जगतं. तिच्यासारखंच दिसणारं सेम्परव्हायव्हम मात्र ज्या गुच्छाला फूल आलं तो गुच्छ सुकतो, आणि बाजूची पिलं पुढे वाढतात. हे उत्तर तुम्हाला आलं की ग्राहकाचा तुमच्यावर विश्वास बसला म्हणून समजा.

चार गोष्टी पाळाच

पहिली, कुंडीला भोक. कितीही सुंदर कप असू द्या, भोक नसेल तर रोप त्यात विकू नका. मिश्रणात भरड वाळू किंवा परलाइट सढळ हाताने घाला. पाणी घातल्यावर लगेच खालून गळलं पाहिजे.

दुसरी, पान वाचा. सुरकुतलेलं पान म्हणजे तहान. पिवळं, पारदर्शक, लिबलिबीत पान म्हणजे पाणी जास्त. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ते रोप त्याच दिवशी बाजूला काढा.

तिसरी, खरं सांगा. कॅक्टसवर गोंदाने चिकटवलेली सुकी रंगीत फुलं मिळतात. असा माल घेऊ नका. ग्राहक एकदाच फसतो. आणि घरात मांजर-कुत्रं आहे का, हे विचारा. कलांचो प्राण्यांनी खाल्लं तर विषबाधा होऊ शकते. त्यांना हॉवर्थिया द्या.

चौथी, रानातून माल आणू नका. आपल्या शिवनेरीवर आणि सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर शिवसुमन नावाचं मांसल खोडाचं, गडद लालसर चांदणीसारख्या फुलाचं झाड आहे. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्यावरून दिलेलं. हे महाराष्ट्राबाहेर निसर्गात आढळत नाही, आणि ते अतिशय दुर्मीळ आहे. ॲडेनियमचंच हे कुळ. अशी झाडं उपटून विकणं हा व्यवसाय नाही, ती चोरी आहे. गडावर दिसलं तर फोटो काढा आणि खाली या.

ताईंचं पुढे काय झालं?

त्यांनी धंदा बंद केला नाही. उरलेली साठ रोपं तीन ट्रेमध्ये लावली: 'भरपूर ऊन', 'खिडकीचा उजेड' आणि 'पावसात छप्पर'. प्रत्येक कुंडीवर नाव, कुळ आणि पाण्याची एक ओळ. लिथॉप्स आणणं बंदच केलं. चाळीस प्रकारांवरून बारा प्रकारांवर आल्या. त्यातले सात आता घरीच वाढवतात. यंदाच्या पावसाळ्यातही रोपं मेली, नाही असं नाही. पण मोजून नऊ. जावेचे पैसे दिवाळीत परत केले.

परवा त्यांनी मला विचारलं, "सर, पहिल्याच दिवशी हे कुणी का सांगितलं नाही?" मी म्हटलं, ताई, तुम्हीच आता पुढच्याला सांगा.

तुमचा गृहपाठ: या रविवारी जवळच्या नर्सरीत जा. काहीही विकत घेऊ नका. फुललेली दहा सक्युलंट शोधा, पाकळ्या मोजा, चीक आहे का ते मालकाला विचारा, गादी आहे का बघा, आणि वहीत कुळ लिहा. दहापैकी सात ओळखता आली, की मगच पहिला माल उचला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. शिकत राहा, विकत राहा!