क्रीम घेण्याआधी त्वचा ओळखा

फजरच्या वजूचे पाणी हातांना बोचू लागले, की आमच्या घरात क्रीमच्या डबीची शोधाशोध सुरू होते. डबी एकच आणि वापरणारे सगळे. अम्मीच्या टाचांना तीच, कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याला तीच आणि धाकट्याच्या फुटलेल्या गालांनाही तीच. मग अम्मी म्हणते, "या क्रीमने काही होत नाही." मुलगी म्हणते, "याच क्रीमने माझ्या तोंडावर मुरुमे आली." दोघींचेही म्हणणे खरे असते, कारण तिघांची त्वचा वेगळी आणि गरजही वेगळी.

मॉइश्चरायझरचे काम एकच: त्वचेतले पाणी त्वचेतच राहू देणे. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. थंडी, कडक ऊन, गरम पाणी आणि तीव्र साबण यांमुळे हा चुना कमी होतो. भिंतीला फटी पडतात, पाणी उडून जाते आणि त्वचा ओढली जाते, खाजते, फुटते. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात, तेले फटी बुजवतात, तर पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. बाजारातली बहुतेक क्रीम याच तीन गोष्टींच्या मिश्रणातून बनतात. फरक असतो तो प्रमाणाचा, सुगंधाचा आणि डबीच्या किमतीचा.

आपली त्वचा कोणती?

यासाठी पार्लरमध्ये जाण्याची गरज नाही. सौम्य साबणाने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. मग आरशात पाहा. सगळा चेहरा चमकत असेल तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ, नाक आणि हनुवटी चमकत असेल तर मिश्र. चेहरा ओढल्यासारखा वाटत असेल, पापुद्रे दिसत असतील तर कोरडी. कोणतेही नवे क्रीम लावले की आग होते, लाल चट्टे उठतात, अशी त्वचा संवेदनशील समजावी.

तेलकट त्वचेला क्रीम नकोच, असा अनेक मुलींचा समज असतो. त्या दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड धुतात आणि त्वचा आणखी बिघडवून घेतात. अशा त्वचेसाठी पाण्याचे प्रमाण जास्त असलेले जेल किंवा पातळ लोशन घ्यावे. वेष्टनावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रे न बुजवणारे, असे लिहिलेले पाहावे. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर खोबरेल तेल चोळू नये.

मिश्र त्वचेला पातळ लोशन पुरते. गालांवर थोडे जास्त, नाकावर थोडे कमी. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन, सेरामाइड किंवा शिया बटर असलेले घट्ट क्रीम लागते. संवेदनशील त्वचेसाठी सुगंध आणि रंग नसलेले साधे क्रीम निवडावे. आधी चार-पाच दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि मगच चेहऱ्याला.

टाचांच्या भेगांसाठी युरिया असलेले क्रीम उपयोगी पडते. खताच्या गोणीवर वाचतो तोच हा युरिया, पण इथे तो राठ कातडी मऊ करतो. घरात मधुमेहाचे रुग्ण असतील तर त्यांच्या पायांकडे रोज पाहावे. क्रीम तळव्यांना आणि टाचांना लावावे. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नये, तिथे ओल साचून बुरशी होते. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

बाळाला जैतुनाच्या तेलाने मालीश करण्याची पद्धत आपल्या अनेक घरांत आहे. जैतुनाचे तेल खाण्यास उत्तमच, पण कोरड्या, खाजऱ्या त्वचेचा संरक्षक थर त्याने कमजोर होऊ शकतो. अशा बाळाला खोबरेल तेल किंवा डॉक्टरांनी सांगितलेले बिनवासाचे क्रीम बरे.

वजू आणि क्रीम

दिवसातून अनेकदा हात-पाय धुतल्याने त्वचा कोरडी पडते, ही तक्रार थंडीत सर्रास ऐकू येते. पण क्रीम लावण्याची उत्तम वेळ हीच असते. वजूनंतर हात खसाखसा न पुसता टिपून घ्यावेत आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच थोडे क्रीम लावावे. आतले पाणी आतच राहते. पाणी कोमट असावे, कढत नसावे. पेट्रोलियम जेलीचा जाड थर मात्र इशाच्या नमाजनंतर, झोपताना लावावा आणि सकाळी वजूआधी साबणाने धुऊन टाकावा.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी ही तयारी घरूनच करावी. तिकडची हवा कोरडी, चालणे भरपूर आणि एहराममध्ये सुगंधी वस्तू चालत नाहीत. म्हणून बिनवासाची पेट्रोलियम जेली आणि बिनवासाचे क्रीम सामानात असू द्यावे. टाचांना आणि मांड्यांना त्याचा मोठा आधार होतो.

ओलावा हवा की गोरेपणा?

आता थोडे कटू बोलायला हवे. आमच्या नात्यातल्या एका मुलीचे लग्न ठरले. कुणीतरी तिला एक डबी आणून दिली. तिच्यावर ना घटकांची यादी, ना बनवणाऱ्याचा पत्ता. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. आम्ही सगळ्यांनीच म्हटले, "किती छान दिसतेस!" लग्नानंतर डबी संपली आणि चेहरा लालभडक झाला, मुरुमांनी भरला, उन्हात उभे राहवेना. डॉक्टरांनी सांगितले, त्या क्रीममध्ये स्टेरॉइड होते. बरे व्हायला कितीतरी महिने लागले.

बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे असलेली मलमे म्हणजे औषधे आहेत, मॉइश्चरायझर नव्हेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही मेडिकलमधून ती सहज हाती पडतात. दुसरा धोका पाऱ्याचा. गोरे करणाऱ्या काही बेकायदा क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि किडनीवर आघात करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२३ मध्ये अशा क्रीममुळे किडनी बिघडलेले अनेक रुग्ण निदर्शनास आणले. आपल्या अकोल्यातही एकाच घरातील मायलेकींना असा त्रास झाल्याचे त्याच सुमारास उघड झाले.

म्हणून डबी घेताना घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत पाहावी. ‘सात दिवसांत गोरेपणा’ असे लिहिले असेल तर ती डबी दुकानातच राहू द्यावी. असे क्रीम आधीच वापरात असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना डबीसह दाखवावे. स्टेरॉइड एकदम बंद केले तरी त्रास होतो, त्यामुळे ते त्यांच्या सल्ल्यानेच सोडावे.

त्या मुलीची चूक तिची एकटीची नव्हती. स्थळ पाहताना आधी रंग विचारणारे आपणच, सावळ्या लेकीसमोर उसासा टाकणारेही आपणच. अल्लाहने दिलेल्या रंगात उणे काढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्वचा कोरडी असेल तर तिला ओलावा द्यावा, फुटली असेल तर मलम लावावे. पण सावळेपणा हा आजार नाही आणि त्यावर औषधही नको. पुढच्या वेळी कुणाच्या घरी मुलगी पाहायला जाऊ, तेव्हा आपण एवढे जरी लक्षात ठेवले, तरी अशा कितीतरी डबड्या दुकानात पडून राहतील.