संगणकाच्या गाभ्यातील फेरबदल आणि शिरूर-दौंडच्या शाळा

पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडला आली की तिचे इंजिन पुढून काढून मागच्या टोकाला जोडावे लागे. हा सोपस्कार वर्षानुवर्षे चालला. तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरून चहा घेत, आणि गाडी उलट्या तोंडाने नगरच्या दिशेला लागे. पुढे जंक्शन टाळून जाणारा जोडमार्ग झाला, त्यावर ‘दौंड कॉर्ड लाइन’ नावाचे निराळे स्थानक आले, आणि या दिशेच्या अनेक गाड्यांचा खोळंबा संपला. लांबच्या प्रवाशाची सोय झाली. दौंडकराला मात्र आपली गाडी कोणत्या स्थानकावर येणार, याची चौकशी घरातून निघण्यापूर्वीच करणे भाग पडले. बदल योग्यच होता. परंतु योग्य बदलाचाही भार कोणाच्या तरी खांद्यावर पडतो, आणि तो बहुधा बदलाचा निर्णय जेथे होतो तेथे पडत नाही.

संगणकाच्या जगात असाच एक जोडमार्ग गेल्या तीन-चार वर्षांत टाकला जात आहे. त्याचे नाव लिनक्स. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १०,००० ओळी होत्या. योगायोग असा की, पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला तोही १९९१ मध्येच. आज त्या विद्यार्थ्याच्या लिखाणाचा विस्तार चार कोटी ओळींच्या घरात गेला आहे. आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. २०२३ मध्ये या यादीत ७५ वे स्थान मिळविणारा सी-डॅकचा ‘ऐरावत’ त्याला अपवाद नाही.

लिनक्स म्हणजे काटेकोर अर्थाने केवळ गाभा, ज्याला इंग्रजीत ‘कर्नेल’ म्हणतात. तहसील कचेरीतील अव्वल कारकुनाचे स्थान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गाभ्याचे कार्य समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. नागरिक थेट दप्तरखान्यात शिरून फाइल काढू शकत नाही. तो अर्ज देतो, आणि कोणता अर्ज आधी घ्यावयाचा, कोणाला कोणती नक्कल द्यावयाची, कोणाला दारातूनच परत पाठवावयाचे हे कचेरी ठरविते. पत्र टंकित करणारी वा हिशेब करणारी आज्ञावली अशीच गाभ्याकडे अर्ज करते. स्मृती, चकती, पडदा, छपाईयंत्र यांना तिचा हात थेट लागत नाही. हा कारकून बिघडला तर सारी कचेरी ठप्प होते, आणि तो लाचखाऊ निघाला तर कोणतेही गुपित सुरक्षित राहत नाही.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांशी याचा संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइडचा प्रत्येक मोबाइल लिनक्सच्याच गाभ्यावर उभा असतो. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी कंपनीचा कारखाना दूरचित्रवाणी संच तयार करतो. त्या कंपनीच्या संचांत चालणारी ‘वेबओएस’ ही प्रणालीही याच गाभ्यावर रचलेली आहे. शिरूर शहराला अद्याप रेल्वे नाही, परंतु लिनक्स तेथे कधीच येऊन पोहोचला आहे, तोही कोणाच्या लक्षात न येता.

या गाभ्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. २००४ पासून असा दंडक आहे की, प्रत्येक बदलाखाली तो करणाऱ्याने आपल्या नावानिशी जबाबदारी स्वीकारली पाहिजे. सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही, हा आपल्याकडील कचेऱ्यांचा नियम येथे अधिक कसोशीने पाळला जातो असे म्हणावयास हरकत नाही. नवे लिहिणाऱ्यांना तोटा नाही. तोटा आहे तो जुने सांभाळणाऱ्यांचा. आणि अलीकडचे बहुतेक वादग्रस्त निर्णय, नीट पाहिले तर, या एकाच अडचणीतून जन्मलेले आहेत.

त्यांतील सर्वांत दूरगामी निर्णय ३२-बिट संगणकांविषयीचा आहे. स्मृतीतील प्रत्येक कप्प्याला घरक्रमांकासारखा क्रमांक असतो. ३२-बिट यंत्राजवळ असे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ क्रमांक असतात, म्हणजे ४ जीबी. संख्या प्रचंड वाटते, पण आजचे साधे मोबाइलही ती ओलांडून गेले आहेत. वस्ती वाढली आणि क्रमांक संपले की जशा ‘५/अ’, ‘५/ब’ अशा पळवाटा निघतात, तशा पळवाटा गाभ्यात काढण्यात आल्या होत्या. त्यांचा सांभाळ करणे अवघड, आणि त्यांचा जाच इतर सर्व यंत्रांना. म्हणून २०२५ मध्ये ३२-बिट इंटेल यंत्रांवर ४ जीबीहून अधिक स्मृती वापरण्याची सोय काढून टाकण्यात आली. ज्या ‘३८६’ जातीच्या यंत्रावर लिनक्सचा जन्म झाला, त्या जातीचा आधार तर २०१३ च्या आरंभी निघालेल्या आवृत्तीतच संपला होता. ‘४८६’चाही निरोप घ्यावा असा प्रस्ताव २०२५ मध्ये आला. जन्मगृह पाडण्याचे हे धैर्य वाखाणावे की त्याबद्दल हळहळावे, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे.

गाभ्याने एक पाऊल मागे घेतले की त्यावर उभ्या असलेल्या वितरकांची दोन पावले मागे जातात. फेडोराने २०१९ मध्येच ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी गाभा देणे थांबविले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या डेबियन १३ मध्ये अशा जुन्या संगणकांसाठी ना गाभा आहे, ना तो बसविण्याची सोय. ही घटना दूरची वाटेल. परंतु सी-डॅकने २००७ पासून काढलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. आपले म्हणून जे आपण सांगतो, त्याचा पायाही अशा रीतीने दुसऱ्यांनी ठरविलेल्या वेळापत्रकावर अवलंबून असतो.

वेळापत्रकाचीच आणखी एक गोष्ट. निवडक आवृत्त्यांना दीर्घकाळ दुरुस्त्या पुरविण्याची प्रथा आहे. २०१७ मध्ये ही मुदत दोन वर्षांवरून सहा वर्षांवर नेण्यात आली, कारण मोबाइल बनविणाऱ्यांना ती हवी होती. २०२३ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे ठरले. सांभाळणारे थकले होते आणि जुन्या आवृत्त्या वापरणारेही फार थोडे उरले होते. एखाद्या आवृत्तीची मुदत कंपन्यांच्या गरजेप्रमाणे वाढविताही येते. तथापि, तत्त्व स्पष्ट झाले: जो सांभाळावयास पुढे येईल, त्याच्या शब्दाला वजन. स्वस्त मोबाइल घेऊन तो पाच वर्षे वापरणाऱ्या पाटसच्या किंवा न्हावऱ्याच्या कुटुंबाच्या वतीने पुढे येणारा तेथे कोणी नाही.

भाषेचा वाद याहून रंगला. आरंभापासून गाभा ‘सी’ या भाषेत लिहिला गेला. ही भाषा वेगवान खरी, पण लिहिणाऱ्याच्या हातून स्मृतीची सीमा ओलांडली गेली तरी ती सहसा हटकत नाही, आणि सुरक्षेची पुष्कळ भगदाडे याच चुकीतून पडतात. ‘रस्ट’ ही नवी भाषा अशी चूक लिहितानाच पकडते. डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या ६.१ या आवृत्तीत तिला प्रथम प्रवेश मिळाला. जुन्या दप्तरांतील मोडी आणि नंतरची बाळबोध यांची येथे आठवण होते. मोडीत मुरलेल्या कारकुनाचा हात झरझर चाले. पण एखादे अक्षर दोन प्रकारे वाचले गेले की जमिनीचा दावा उभा राही. गाभ्याच्या जुन्या रखवालदारांची तक्रारही समजण्याजोगी होती: दोन लिप्यांत दप्तर ठेवले तर ते तपासणार कोण? या भांडणात २०२४ आणि २०२५ मध्ये रस्टच्या बाजूची काही कर्ती माणसे कंटाळून निघून गेली. अखेर टोरवाल्ड्स यांनी असा निवाडा दिला की, ज्याला रस्ट नको त्याने तिच्याकडे पाहू नये, परंतु आपल्या विभागाबाहेर कोणी ती वापरू नये असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये टोकियो येथे जमलेल्या प्रमुखांनी तिच्यावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला. निर्णय रास्त झाला, पण त्याला लागलेले मोल कमी नव्हते.

ठरलेल्या क्षणी ठरलेले काम झालेच पाहिजे, अशी कारखान्यातील यंत्रांची जी गरज असते, ती भागविणारी ‘रिअल टाइम’ सोय सुमारे वीस वर्षे गाभ्याच्या उंबरठ्याबाहेर उभी होती. ती नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीत आत आली. त्याच सुमारास एक अप्रिय घटनाही घडली. अमेरिकादी देशांच्या निर्बंधांचे कारण देऊन रशियाशी संबंधित सुमारे डझनभर रखवालदारांची नावे यादीतून काढण्यात आली. लिनक्स सर्व जगाचा आहे हे खरे, पण त्याचे कामकाज काही विशिष्ट देशांच्या कायद्याच्या छत्राखाली चालते, हेही तितकेच खरे ठरले. लिखाण मात्र कोणाकडून काढून घेता येत नाही. १९९२ पासून लागू असलेल्या परवान्यामुळे ते वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क दौंडच्या विद्यार्थ्यालाही आहे. अडचण एवढीच की, हक्क वापरण्यासाठी वाचता यावे लागते.

येथे आपल्या शिक्षणाचा प्रश्न येतो. एमएस-सीआयटी या परीक्षेने गेली वीसहून अधिक वर्षे महाराष्ट्रातील कारकुनाला, शिक्षकाला आणि नोकरी शोधणाऱ्या तरुणाला संगणकासमोर बसविले, हे तिचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु बसविले ते एकाच कंपनीच्या खिडकीसमोर. कोणते बटण दाबावे हे कळले. बटणामागे काय आहे हे विचारण्याची सवय लागली नाही. केरळने शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालींवर नेले, त्यासाठी प्रथम शिक्षकांना तयार केले, आणि आज त्या राज्याची ‘काइट’ ही संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली पुरविते. महाराष्ट्राला हे अशक्य होते असे नाही. ज्या पुण्यात महासंगणक घडतात, त्या जिल्ह्याच्या तालुक्यांत तर नव्हतेच नव्हते.

आज हा विषय तातडीचा होण्याचे कारण वेगळे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा विनामूल्य आधार संपला. विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर ती स्वीकारत नाही. ज्या माध्यमिक शाळेत असे दहा-वीस संगणक आहेत, तेथील मुख्याध्यापकांसमोर दोनच मार्ग दिसतात: नव्या खरेदीसाठी अर्ज करून वाट पाहणे, किंवा असुरक्षित यंत्रे तशीच चालू ठेवणे. तिसरा मार्ग लिनक्सचा आहे, आणि वर सांगितलेल्या फेरबदलांनी तो अरुंद केला असला तरी बंद केलेला नाही.

मात्र येथे एक चूक होण्याचा मोठा संभव आहे. संगणकाच्या माहितीपटलावर ‘३२-बिट’ असे दिसले की यंत्रच ३२-बिट आहे असे समजून ते भंगाराच्या यादीत टाकले जाते. वस्तुतः तो उल्लेख पुष्कळदा आत बसविलेल्या विंडोजचा असतो, यंत्राचा नसतो. २ जीबी स्मृती असलेल्या संगणकांवर त्या काळी ३२-बिट विंडोज बसविण्याचा रिवाज होता. आतला ‘कोअर २ ड्युओ’सारखा प्रोसेसर मात्र पूर्ण ६४-बिट असे. असे यंत्र आजच्या गाभ्याला चालते. एक्सएफसीईसारखी हलकी मांडणी घेतली तर मराठी टंकलेखन, हिशेबपत्रक आणि प्रोग्रॅमिंगचे धडे त्यावर अजून काही वर्षे देता येतील. खरोखरच ३२-बिट असलेली यंत्रे तुलनेने थोडी निघतील, आणि त्यांना मात्र जुन्या आवृत्तीवर ठेवून इंटरनेटपासून दूर राखावे लागेल.

ही निवड करण्यास बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. एका पेन ड्राइव्हवर लिनक्सची थेट चालणारी प्रत घ्यावी. जुन्या यंत्राने ती स्वीकारली नाही म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. ३२-बिट लिनक्सची थेट चालणारी प्रतही जवळ ठेवावी. कशानेही यंत्र सुरू झाले की ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरातील पहिल्या काही ओळींत प्रोसेसर कोणत्या रीतींनी चालू शकतो ते लिहिलेले असते. तेथे ३२ आणि ६४ हे दोन्ही आकडे दिसले तर यंत्र ठेवावे. एका संगणकामागे फार तर दहा मिनिटे लागतात, आणि हे काम नववीतला विद्यार्थी करू शकतो. जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्याला लागून आणखी एक रकाना आखून तेथे हा आकडा लिहावा, म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव टंकित करणाऱ्या कारकुनाला कोणते यंत्र वगळावयाचे ते दिसेल.