स्पेलचेक, तेही टर्मिनलमध्ये? 'हनस्पेल' नेमकं काय करतं?

बातमी पब्लिश झाली आणि दोन मिनिटांत कमेंट आली, "आधी शुद्ध लिहायला शिका." सोबत हेडलाइनचा स्क्रीनशॉट. माझ्याच बातमीचा. त्यानंतर मी जुन्या फाइल्स तपासायला बसले. छापून न आलेला मजकूर कुठल्याही वेबसाइटवर पेस्ट करायचा नव्हता, म्हणून हनस्पेल वापरलं. ते फुकट आहे आणि शब्दकोश एकदा बसवला की इंटरनेटशिवाय चालतं.

हे सॉफ्टवेअर लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी बनवलं. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमधली लाल नागमोडी रेघ याच्याच जोरावर उमटते. हंगेरियनमध्येही आपल्यासारखे शब्दांना प्रत्यय लागतात. 'घर' घ्या. घरात, घरातून, घरासमोरचा, घरासमोरच्यांना... ही सगळी रूपं यादीत किती भरणार? म्हणून हनस्पेलच्या शब्दकोशाच्या दोन फाइल्स असतात. एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्यय कसे लागतात त्याचे नियम. नियम तोकडे पडले की बरोबर शब्दही चूक ठरतो. गावांची नावं आणि आडनावं तर हमखास अडकतात.

वापरायचं कसं? मराठी शब्दकोश वेगळा बसवावा लागतो. मग टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत 'हनस्पेल' लिहा. पुढे हायफन आणि डी, मग शब्दकोशाचं नाव (स्मॉल एमआर, अंडरस्कोअर, कॅपिटल आयएन), मग हायफन आणि एल, शेवटी फाइलचं नाव. प्रत्येक तुकड्यानंतर एक स्पेस. एंटर दाबलं की फक्त संशयित शब्दांची यादी येते, फाइलला धक्काही लागत नाही. हायफन-एल गाळलं तर ते एकेका शब्दावर थांबून पर्याय सुचवतं. पर्यायाचा आकडा दाबला की शब्द बदलतो. त्याआधी फाइलची एक कॉपी ठेवा, मी ठेवली नव्हती.

पण हनस्पेल वाक्य वाचत नाही. एकेक शब्द सुटा तपासतं. 'पाणी'च्या जागी 'पाणि' लिहिलं आणि हात या अर्थाचा तो शब्द शब्दकोशात असला, तर ते गप्प बसणार.

माझ्या त्या स्क्रीनशॉटमध्ये होतं, 'शिक्षक दीनाच्या शुभेच्छा'. दीन म्हणजे गरीब, लाचार. मराठीतला शुद्ध शब्द! ती चूक हनस्पेलनेही पकडली नसती.