एक गाडी, पाच रेल्वे

जबलपूर शहरात गोरखपूर नावाची वस्ती आहे. (पूर्वोत्तर रेल्वेचे मुख्यालय असलेले गोरखपूर ते निराळे, ते उत्तर प्रदेशात.) या वस्तीलगतच्या हाऊबाग स्थानकावरून २०१५ पर्यंत गोंदियाकडची अरुंद मापाची गाडी जात असे. २००३ पासून या मार्गाचा कारभार बिलासपूरच्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे होता, तर जवळच्या जबलपूर जंक्शनचा कारभार जबलपुरातच मुख्यालय असलेल्या पश्चिम-मध्य रेल्वेकडे. एकाच गावात दोन रेल्वे कशासाठी?

संस्था वाढू लागली म्हणजे माणसांपेक्षा त्यांचे परस्परसंबंध फार जलद वाढतात. दहा माणसांत पंचेचाळीस जोड्या होतात, शंभरांत ४,९५०. याच शंभरांचे दहा-दहांचे दहा गट पाडून केवळ गटप्रमुखांनी एकमेकांशी बोलावयाचे ठरविले, तर गटांतील ४५० व प्रमुखांतील ४५ मिळून ४९५ जोड्याच सांभाळाव्या लागतात. भार एक दशांशावर येतो.

भारतीय रेल्वेने हेच केले. १९५१-५२ मध्ये चाळिसांहून अधिक निरनिराळ्या, कित्येक संस्थानी, रेल्वे एकत्र करून सहा क्षेत्रे निर्माण झाली. १९६६ मध्ये ती नऊ झाली आणि २००२-०३ मध्ये आणखी सात भर पडून सोळा. आधी जोडणे आणि मग तोडणे, यात विसंगती वाटेल. परंतु पहिल्या वेळी नियमांची बेबंदी मोडावयाची होती, दुसऱ्या वेळी एका कचेरीवर पडलेला बोजा कमी करावयाचा होता.

सीमा कोठे आखावी, हा खरा कठीण प्रश्न. हर्बर्ट सायमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये दाखविले, की ज्या रचनेत गटाच्या आतील देवघेव दाट व गटागटांतील विरळ असते, तीच टिकाऊ ठरते. रेल्वेची अडचण अशी, की सीमा ओलांडणे हाच तिचा धंदा! जबलपूरमार्गे जाणारी मुंबई-हावडा मेल पूर्वी मध्य, उत्तर व पूर्व अशा तीन रेल्वेंतून धावे. आज ती मध्य, पश्चिम-मध्य, उत्तर-मध्य, पूर्व-मध्य व पूर्व अशा पाच रेल्वेंतून जाते. प्रत्येक सीमेवर एका नियंत्रण कक्षाने ती दुसऱ्याच्या हवाली करावयाची; उशीर झाला तर तो कोणाच्या हद्दीत झाला, याचाही हिशेब ठेवावयाचा. कचेऱ्यांतील काम हलके झाले, ते काही अंशी या सीमांवर जाऊन पडले.

हाऊबागच्या बाजूचा अरुंद मार्ग आता रुंद मापाचा झाला आहे. तरी जबलपूरची गाडी गोंदियास पोहोचेपर्यंत एका रेल्वेतून दुसरीत जातेच.